चर्चच्या मदतीने परदेशात गेल्या, पण डोकं गहाण ठेवलं नाही : केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

शिरूरहून चौफुल्याकडे निघालात की वाटेत न्हावरे लागतं. घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. उसाच्या ट्रॅक्टरमागून सावकाश पुढं जायचं, पारगावला भीमा ओलांडायची, की शिरूर तालुका संपतो आणि दौंड तालुका सुरू होतो. मग येतं केडगाव. रेल्वे स्टेशन, बाजारपेठ आणि एक जुनं, मोठं आवार. पंचक्रोशीतले लोक त्याला मिशन म्हणतात. नाव मुक्ती मिशन.

न्हावऱ्याच्या, पारगावच्या माणसांनी हे आवार येता-जाता शेकडो वेळा पाहिलेलं असतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, पुण्यालाही जाणं म्हणजे मोठा प्रवास होता तेव्हा, अमेरिका आणि इंग्लंडच्या बायका बोटीने मुंबईला उतरून, रेल्वेने इथं येऊन, दुष्काळातल्या पोरींना लिहायला-वाचायला शिकवत होत्या, हे अनेकांना माहीत नसतं.

आजकाल चर्चच्या किंवा एनजीओच्या गटासोबत परदेशात जाऊन काही आठवडे सेवा करण्याची पद्धत रूढ झाली आहे. कुणी आफ्रिकेत शाळा रंगवतं, कुणी आशियात मुलींना त्यांचे हक्क समजावून सांगतं. त्यावर वादही होतो. मदत खरी की दिखाऊ? मदतीच्या बदल्यात धर्म येतो का? निर्णय कोण घेतं, पैसे देणारा की ज्याच्यासाठी पैसे आले तो?

हे सगळे प्रश्न एका मराठी बाईने एकोणिसाव्या शतकातच अंगावर घेतले होते. त्या चर्चच्या आधाराने परदेशात गेल्या, तिथून माणसं आणि पैसा इथं आणला, आणि या सगळ्यात इंग्लंडच्या चर्चशीही भांडल्या आणि पुण्याच्या पुढाऱ्यांशीही. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

चालत चालत झालेलं शिक्षण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईने संस्कृत शिकणं हे पाप समजलं जायचं त्या काळात त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. ब्रह्मवृंदाने जाब विचारला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढं लक्ष्मीबाईंनी हीच विद्या लेकीला दिली. पुस्तकातून कमी, तोंडी पाठांतराने जास्त.

घर नावाची गोष्ट रमाबाईंना फारशी मिळालीच नाही. कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळात पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मिळालेल्या दक्षिणेवर पोट. पण १८७० च्या दशकातला दुष्काळ आला आणि हे सगळं कोसळलं. आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण, असे तिघे भुकेने आणि आजाराने गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडं हजारो मैल पायी चालली. कधी रानातली बोरं खाऊन दिवस काढले, कधी थंडीत उघड्यावर रात्र काढली.

ही भूक लक्षात ठेवा. पुढं केडगावात जे झालं त्याची मुळं इथं आहेत.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, भागवत तोंडपाठ आहे, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण तिथंच धर्मग्रंथ नीट अभ्यासताना त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. बाई आणि शूद्र यांना ज्ञानाचा अधिकार नाही, यावर बहुतेक ग्रंथांचं एकमत होतं.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. वय वर्षं २३, कडेवर मूल, आणि समाजाच्या लेखी आता त्या फक्त एक विधवा होत्या.

हंटर कमिशनसमोरची साक्ष

रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि स्त्रीधर्मनीति नावाचं मराठी पुस्तक लिहिलं.

त्याच वर्षी सरकारचा हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी त्याच्यासमोर मराठीत साक्ष दिली. मागण्या साध्या आणि नेमक्या होत्या. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका तयार करा. मुलींच्या शाळा तपासायला बायका नेमा, कारण पुरुष तपासनिसांना त्यांच्या अडचणी कळत नाहीत. आणि बायकांना डॉक्टर होऊ द्या, कारण परपुरुषाला दुखणं सांगायला लाजणाऱ्या हजारो बायका उपचारांविना मरतात. हंटरवर या साक्षीचा एवढा परिणाम झाला की त्यांनी तिचं इंग्रजी भाषांतर करवून घेतलं.

संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे असं लिहिलं ते १९४८ मध्ये. त्याच्या ६६ वर्षं आधी पुण्यात एक विधवा सरकारला तेच सांगत होती. शिक्षण ही कुणाची कृपा नाही, तो हक्क आहे.

मग त्यांनी ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं. त्यासाठी इंग्लंडला जायचं.

भिक्षा नव्हे, सौदा

इथं एक चर्च गोष्टीत येतं. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या ननांचं पुण्यात पंचहौद भागात काम होतं. त्यांच्यामार्फत रमाबाईंची इंग्लंडमध्ये राहायची सोय झाली. पण त्या फुकट गेल्या नाहीत. बोटीच्या तिकिटासाठी त्यांनी स्त्रीधर्मनीतिच्या विक्रीचे पैसे वापरले. आणि ननांशी करार असा होता की तुम्ही मला इंग्रजी शिकवा आणि राहायला जागा द्या, मी भारतात येणाऱ्या तुमच्या भगिनींना मराठी शिकवेन. म्हणजे पहिल्या दिवसापासून देवाणघेवाण.

१८८३ मध्ये त्या छोट्या मनोरमेला घेऊन निघाल्या. सोबत मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात हा धक्का रमाबाईंनी कसा पेलला असेल, त्याची आपण फक्त कल्पनाच करू शकतो.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. पंडिता म्हणून जिला डोक्यावर घेतलं ती ख्रिस्ती झाली, हे अनेकांना पचलं नाही. तिकडे मिशनऱ्यांना वाटलं, हिंदुस्थानात प्रचारासाठी एक मोठं नाव आपल्या हाती लागलं.

दोघांचाही अंदाज चुकला.

ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न सोडावं लागलं. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि शिकवायला लागल्या. डोरोथिया बील या तिथल्या प्राचार्या. तिथं असा विचार पुढं आला की भारतात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज तरुणांना रमाबाईंनी शिकवावं. भारतातल्या बिशपांनी यात खोडा घातला. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची किंमत राहणार नाही, असा त्यांचा मुद्दा. रमाबाई भडकल्या. भारतात भर सभेत पुरुषांपुढं बोललेल्या बाईला भारतात काय चालतं हे इंग्लंडमध्ये बसून शिकवणार का, असा त्यांचा रोख होता.

ननांशीही खटके उडत राहिले. ननांच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असायची. रमाबाईंना प्रश्न पडला की देवाला लॅटिनच कळतं का? अक्षरं असतीलच तर संस्कृत असू देत. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना, तर तो त्यांनी तोंडदेखला मान्यही केला नाही. सिस्टर जेराल्डाइन यांना त्या आईसारखं मानत, पण त्यांनाही त्या पत्रातून स्पष्ट कळवत की धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची विवेकबुद्धी कुणाच्या ताब्यात दिली असं होत नाही. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही दोघींत वाद झाले.

विचार करा. पैसा त्यांचा, घर त्यांचं, देश त्यांचा, राज्यसुद्धा त्यांचंच. आणि ही एकटी बाई त्यांच्याच टेबलावर बसून त्यांना नाही म्हणत होती.

अमेरिकेतून दहा वर्षांचा शब्द

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या आणि त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई याव्यात अशी कॉलेजच्या डीन रॅचेल बॉडली यांची इच्छा होती. रमाबाई काही दिवसांसाठी गेल्या आणि जवळपास तीन वर्षं राहिल्या.

तिथं त्यांनी बालवाड्या पाहिल्या, हातकाम शिकवणाऱ्या शाळा पाहिल्या, फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी चळवळीतल्या बायकांचं संघटन पाहिलं. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. बालविवाह, विधवांचे हाल, अज्ञान, सगळं त्यात होतं. त्याच्या हजारो प्रती खपल्या.

त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. यात वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक होते. भारतात विधवांसाठी शाळा काढायला दहा वर्षं पैसे द्यायचं ठरलं. अट एकच, आणि ती महत्त्वाची होती. शाळेत धर्माची सक्ती नसेल.

अमेरिकेचं कौतुक करतानाही त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठी पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या बायकांच्या चळवळीची स्तुती आहे, तशीच काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी कसं वागवलं याची टीकाही आहे. मदत करणाऱ्या देशाची चूक दाखवायला त्या कचरल्या नाहीत.

शारदासदन आणि पुण्याचं वादळ

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. शारदासदनात विधवांना आपापले सोवळ्याचे, स्वयंपाकपाण्याचे नियम पाळायची मुभा होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. १८९० मध्ये संस्था पुण्याला आली.

आणि मग ठिणगी पडली. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, बायबल वाचत. दार उघडं असे, मुली येऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वाढला. टिळकांच्या केसरीने टीकेची झोड उठवली. शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतर चाललंय, असा आरोप झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणावर जबरदस्ती करत नाही, पण माझ्याच खोलीत माझी प्रार्थना लपवणारही नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की ज्या पोरींना बाहेर कुणी नाही, ज्यांचं अन्न-वस्त्र तुमच्या हातात आहे, त्यांच्यासाठी उघडं दारसुद्धा एक प्रकारचा दबावच असतो.

खरं सांगायचं तर दोन्ही मुद्द्यांत दम आहे. निराधार माणसाला मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढं, मग ती कुठल्याही धर्माची असो, हा पेच आजही उभा राहतो.

पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या काळी विधवांसाठी पर्यायी घर उभं केलं. ज्यांनी केलं ते कर्वे. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमाचं काम सुरू केलं. आणि त्यांच्या घरात शारदासदनात शिकलेली गोदूबाई होती, जिला जग आता आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखत होतं.

प्लेग, दुष्काळ आणि केडगाव

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना स्वतःचं बालपण आठवलं असणार. त्या तिकडे गेल्या. भुकेने सापळा झालेल्या आणि दलालांच्या हाती पडायच्या बेतात असलेल्या मुली गोळा केल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या.

पण पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला रेल्वेजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था स्वतःच्या पायावर उभी करायची, असा विचार होता. आता त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या काळात बायकांना इस्पितळात आणि छावण्यांत मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रातून इंग्रज सरकारलाही फैलावर घेतलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारच्या झाल्या नव्हत्या.

१८९८ मध्ये मुक्तीसदनाची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी दहा वर्षांची मुदत संपत आली म्हणून रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. मागे कारभार सांभाळायला होत्या मिनी अब्राम्स. अमेरिकेच्या मेथडिस्ट चर्चच्या या बाई १८८७ पासून मुंबईत मुलींसाठी काम करत होत्या. आता त्या केडगावला आल्या आणि रमाबाईंच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्यांपैकी एक झाल्या. पुढं आणखीही परदेशी बायका येत राहिल्या. पण संस्थेची प्रमुख रमाबाईच होत्या. इंग्रजांच्या राज्यात गोऱ्या बायका एका मराठी बाईच्या हाताखाली काम करत होत्या, हे त्या काळी फार दुर्मिळ होतं.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या जणींचं रोजचं जेवण, पाणी, कपडे! विहिरी खणल्या गेल्या. मुली शिकत होत्या आणि कामंही करत होत्या. शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना. टाइप जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुली करायच्या. अंध मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवलं जाई. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन हे वेगळं घर होतं.

मुक्ती मिशन शारदासदनासारखं तटस्थ नव्हतं, ते उघडपणे ख्रिस्ती होतं. १९०५ मध्ये तिथं मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं आणि केडगावचं नाव जगभरच्या चर्चमध्ये पोहोचलं. बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. मात्र यातल्या कितीतरी मुलींसमोर त्या वेळी दुसरा पर्याय उपासमारीचा किंवा विकलं जाण्याचा होता, हेही तितकंच खरं.

शेवटचं काम

रमाबाईंना एक गोष्ट सलत होती. मराठी बायबलची भाषा साध्या बाईला कळत नाही. मग उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. छपाई केडगावातच, मुलींच्या हातून.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या खांद्याला खांदा लावून काम करणारी आणि पुढं संस्था सांभाळेल असं वाटणारी लेक आईच्या डोळ्यांदेखत गेली. काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईंनीही केडगावात डोळे मिटले. बायबलची छपाई त्यांच्यानंतर, १९२४ मध्ये पूर्ण झाली.

मग रमाबाई कुणाच्या?

हिंदू समाजाने त्यांना परक्या ठरवलं, म्हणून आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या फार काळ एखाद-दुसऱ्या ओळीपुरत्या उरल्या. चर्चला त्या पूर्णपणे आपल्या वाटल्या नाहीत, कारण त्या प्रश्न विचारायच्या. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला मेधावी हे त्यांचं नाव दिलं गेलंय.

आज कुणी मानवी हक्कांचं शिक्षण द्यायला परदेशात निघालं असेल, किंवा परदेशातून आपल्या गावात असा गट आला असेल, तर रमाबाईंच्या आयुष्यातून दोन-तीन गोष्टी घेता येतात. मदत घेताना आपल्याकडचं काय देणार हे आधी ठरवा. त्यांनी इंग्रजीच्या बदल्यात मराठी दिलं. मदत करणाऱ्याची चूक दिसली तर बोला. आणि निर्णयाची खुर्ची त्या मातीतल्या माणसाकडे राहू द्या. मिनी अब्राम्स केडगावला आल्या तेव्हा कामाची प्रमुख आधीच तिथं होती, हे त्यांनी मान्य केलं. म्हणून त्यांची सेवा उपयोगी पडली.

आणि चौथी गोष्ट रमाबाईंवर झालेल्या टीकेतून घ्यायची. समोरचा माणूस उपाशी असेल तेव्हा त्याचा होकार खरंच होकार आहे का, हे स्वतःला विचारत राहायचं.

मुक्ती मिशन आजही केडगावात सुरू आहे. पुढच्या वेळी न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्याकडे जाल, तेव्हा गाडीचा वेग जरा कमी करा. दुष्काळात आईबाप गमावलेल्या एका पोरीने, तिच्यासारख्याच हजारो पोरींसाठी याच माळावर घर बांधलं होतं.